मागची काच

उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गटानं किंवा घरच्यांनी कर्ज काढून नवी गाडी घेतलेली असते. मसाल्याची पोती बाजाराला न्यायची, कुणाला बाळंतपणासाठी तालुक्याला पोचवायचं, लग्नसराईत भाड्यानं द्यायची, असे सतरा हिशोब तिच्यावर बसवलेले असतात. मागच्या सीटवर बसणाऱ्या बायकांच्या पाठीवर आणि मानेवर मागच्या काचेतून ऊन सरळ येतं. मग घरातला पोरगा म्हणतो, मागच्या काचेला काळी फिल्म लावून घेऊ. आणि दुसरं कुणीतरी लगेच सांगतं, लावू नका, नवी काच आहे, उन्हात तडकेल. हप्ते अजून फिटायचे आहेत आणि काच तडकेल म्हटल्यावर पोटात गोळा येतोच.

ही भीती खोटी नाही, पण ती वेगळ्या काचेची आहे. ती कुठून आली आणि मागच्या काचेला कितपत लागू पडते, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. म्हणून आज आम्ही काच तडकण्याची आणि तिला तडकू न देण्याची गोष्ट सांगणार आहोत. साडेतीनशे वर्षांची गोष्ट आहे, पण तिची सुरुवात आपल्याच घरातल्या कंदिलापासून करू.

आपल्यातल्या वयानं मोठ्या बायकांना आठवत असेल, पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की टच्च असा आवाज येई आणि काचेला उभा तडा जाई. काही घरांत नवी काच आणली की ती आधी थंड पाण्यात ठेवून हळूहळू उकळून घेत, आणि त्याच पाण्यात निवू देत. काचेच्या ग्लासात चहा ओतताना आत चमचा ठेवायची रीतही त्याच अनुभवातली. काच तापली की फुगते, निवली की आकसते. सगळी सारखी तापली तर काही बिघडत नाही. एक जागा तापली आणि शेजारची थंड राहिली, तर फुगलेला भाग थंड भागाला ताणतो. काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्यातून काचेच्या कडेला आधीच बारीक टवका असला, तर तडा तिथूनच सुरू होतो. बांगड्या विकणारी मावशी बांगडी हातात घालण्याआधी दोन बोटांत धरून वाजवून बघते, ते याचसाठी. आतून पिचलेली बांगडी बद्द वाजते.

आपल्या महाराष्ट्रात काच बनवायला सुरुवात झाली तीही अशा दिव्यांच्या आणि बाटल्यांच्या काळात. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना लावून धरली. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि साठलेल्या पैशातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचं काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं काम शिकवायला होते. आपल्या बचत गटाच्या पासबुकाची ही पणजीच म्हणा ना. पुढं १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्या जागेला आजही ओगलेवाडी म्हणतात, आणि तिथला प्रभाकर कंदील कितीतरी घरांत जळला.

दिव्याची काच तडकते ही तक्रार जगभर होती. जर्मनीतल्या येना गावात ओटो शॉट या रसायनतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काचेत बोरॉन घालून पाहिलं. ती काच तापल्यावर फारच कमी फुगते, म्हणून दिव्यावर टिकली. अमेरिकेत रेल्वेच्या कंदिलांची तीच रड होती. आत ज्योत, बाहेर बर्फ आणि पाऊस, काच फुटली की सिग्नल गेला. कॉर्निंग गावच्या काच कंपनीनं त्यावर कमी फुगणारी काच बनवली. तिथं जेसी लिटलटन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९१३ साली त्यांच्या पत्नी बेसी यांचं भाजायचं मातीचं भांडं फुटलं. नवऱ्यानं कारखान्यातून बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला बुडखा घरी आणून दिला आणि बेसीबाईंनी त्यात चक्क केक भाजला. काच तडकली नाही, केक खालपर्यंत सारखा भाजला गेला, भांड्याला चिकटलाही नाही. दोन वर्षांत, १९१५ ला, त्या काचेची भांडी पायरेक्स नावानं बाजारात आली. प्रयोगशाळा कंपनीची असली तरी पहिली खरी परीक्षा एका बाईच्या स्वयंपाकघरात झाली, एवढं आपण लक्षात ठेवू.

आता तुम्ही म्हणाल, मग गाडीची काचही तसलीच असेल. नाही. गाडीची काच साध्याच काचेची, खिडकीला असते त्याच जातीची. ती वाचवायला माणसानं दुसरीच युक्ती काढली, आणि ती युक्ती सापडली एका खेळण्यातून.

वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याचा बेडकाच्या पिल्लासारखा आकार होतो, एक गोल डोकं आणि लांब बारीक शेपटी. युरोपात हे थेंब सतराव्या शतकात गंमत म्हणून फिरत. १६६० च्या सुमारास राजपुत्र रूपर्टनं ते इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला आणून दाखवले. रूपर्ट हा चार्ल्सचा आतेभाऊ. राजानं ते लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांकडे तपासायला दिले. प्रकार असा की थेंबाच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नाही. पण शेपटीचं टोक चिमटीत मोडलं की अख्खा थेंब एका क्षणात पिठासारखा उडतो. आता आपल्याला माहीत आहे की त्यात तडा सेकंदाला दीड किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं धावतो. तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. १६६५ साली रॉबर्ट हूक यानं आपल्या सूक्ष्मदर्शकावरच्या पुस्तकात या थेंबांवर लिहिलं आणि वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून निवतो, यातच काहीतरी मेख आहे हे ओळखलं.

ती मेख अशी. पाण्यात पडल्याबरोबर थेंबाची बाहेरची कातडी आधी गोठते. आतली काच अजून गरम असते. ती मागाहून निवते, आकसायला बघते आणि बाहेरच्या कातडीला आत खेचून धरते. त्यामुळं बाहेरचा थर कायमचा दाबात राहतो आणि पोट कायमचं ताणात. आपण कडब्याची पेंढी बांधतो तेव्हा बंध जितका आवळावा तितकी एकही काडी निसटत नाही. कातडी अशी आवळलेली असली की ओरखडा पडला तरी त्याचं तोंड उघडत नाही. पण बंधच कापला गेला, म्हणजे तडा कातडी भेदून आत ताणापर्यंत पोचला, की सगळी पेंढी एकदम सुटते.

हे ज्ञान दोनशे वर्षं खेळण्यातच अडकून राहिलं. १८७४–७५ च्या सुमारास फ्रान्समधल्या द ला बास्ती या गृहस्थानं तापवलेली काच गरम तेलाच्या हौदात बुडवून कडक करायची पद्धत काढली. त्याच्या ताटल्या आणि पेले जमिनीवर टाकले तरी फुटत नसत. लोक थक्क झाले, वर्तमानपत्रांत वाहवा झाली. मग कुणाच्या कपाटात, कुणाच्या टेबलावर, हातही न लावता एखादा पेला आपोआप उडू लागला. धंदा बसला. आम्हाला या माणसाचं नेहमी वाईट वाटतं. युक्ती बरोबर होती, पण काच सगळीकडून सारखी निववता येत नव्हती.

ते जमलं १९३० च्या आसपास. फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या काच कारखान्यांनी तेलाचा हौद सोडला आणि सहाशे अंशांहून जास्त तापवलेल्या काचेवर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे शेकडो झोत सोडले. सगळी काच एकाच वेळी, सारख्या दमानं निवली. आपल्याकडे दुकानदार तिला ‘टफन’ काच म्हणतात. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट सोसते. फुटली तर लांब सुऱ्यासारखे तुकडे न होता ज्वारीच्या दाण्यांएवढे बोथट तुकडे होतात. एकदा कडक केलेली काच मग कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. जे काही करायचं ते आधी. तुमच्या गाडीची मागची काच बहुतेक ही असते. पटत नसेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना मागच्या काचेकडे तिरक्या नजरेनं बघा. कधीकधी तिच्यावर ओळीनं पुसट डाग दिसतात. धूळ पुसली तरी ते जात नाहीत. हवेचे झोत जिथं जिथं बसले त्यांच्या त्या खुणा आहेत.

मग पुढची काच? ती वेगळी, आणि हा फरक आजच्या बोलण्यातला सगळ्यात उपयोगाचा भाग आहे.

मोटारी नव्या होत्या तेव्हा पुढं काच नसायचीच, मग साधी काच आली. धूळ आणि वारा अडला, पण अपघात झाला की माणूस काचेतून बाहेर फेकला जाई आणि गळा, चेहरा चिरला जाई. त्याच सुमारास पावसात आणि बर्फात पुढचं दिसावं म्हणून काच पुसणारा वायपर आला, त्याचं एक जुनं पेटंट १९०३ सालचं आहे आणि ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन या बाईंचं. न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक बर्फात खिडकी उघडून डोकं बाहेर काढतोय हे त्यांनी पाहिलं होतं. बाईंना त्याचा पैसा काही मिळाला नाही, तो वेगळा विषय.

त्याच १९०३ साली पॅरिसमध्ये एदुआर बेनेदिक्तुस या चित्रकार-रसायनतज्ज्ञाच्या हातून फळीवरची काचेची कुपी खाली पडली. कुपीला तडे गेले, पण ती विखुरली नाही. आत कधीकाळी ठेवलेलं रसायन वाळून त्याचा पातळ पापुद्रा काचेला आतून चिकटून राहिला होता. पुढं मोटार अपघातात काचेनं माणसं कापली जातात हे वर्तमानपत्रात वाचल्यावर त्याला ती कुपी आठवली, अशी ही गोष्ट सांगतात. दोन काचांच्या मध्ये चिकट पापुद्रा घालून त्यानं १९०९ साली पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच बसली, आणि १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला पुढं हीच काच होती. आजही गाडीची समोरची काच अशी दुपदरी असते. दगड लागला तर जाळं पडतं, पण काच जागेवर राहते आणि चालकाला थोडंफार दिसत राहतं.

म्हणजे एकाच गाडीत दोन स्वभावाच्या काचा. पुढची तडे जाऊनही धरून ठेवणारी, मागची तडा न जाऊ देणारी पण गेली तर सगळीच जाणारी. पुढच्या दुपदरी काचेचे दोन्ही पदर हळूहळू निववलेल्या काचेचे असतात, म्हणजे स्वभावानं कंदिलाच्या काचेच्या जवळच्या. अशा काचेच्या मधल्या आणि कडेच्या भागात ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी ती तडकू शकते. मागची कडक केलेली काच असा २०० अंशांचा फरकही सोसते. आपल्याकडे जळगाव-चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन कितीही कडक म्हटलं, आणि फिल्ममुळं काच आणखी तापते हेही धरलं, तरी ते त्या आकड्याच्या जवळपास जात नाही.

मग फिल्मनं काच तडकते ही बोलवा आली कुठून? ती आली घरांच्या आणि इमारतींच्या खिडक्यांमधून. प्लॅस्टिकची उष्णता अडवणारी फिल्म १९६० च्या दशकात अमेरिकेत थ्री-एम कंपनीनं आणली ती इमारतींसाठी. खिडकीच्या साध्या काचेला गडद फिल्म लावली की मधला भाग ऊन शोषून तापतो. चौकटीत दडलेली कड थंड राहते. कड ताणली जाते, तिथं कापताना राहिलेला टवका असतो, आणि तडा जातो. म्हणून इमारतीला कुठली फिल्म कुठल्या काचेला चालेल याचे तक्ते कंपन्या देतात. ही गोष्ट खरी आहे. ती गाडीच्या मागच्या काचेला जशीच्या तशी चिकटवली गेली, एवढंच.

तरीही नवी गाडी फिल्म लावून आणली आणि मागची काच गेली, असं घडत नाही असं आम्ही म्हणणार नाही. घडतं, पण त्याची कारणं उन्हात शोधून सापडायची नाहीत. मागची काच बाकदार असते. सपाट फिल्म तिच्यावर नीट बसत नाही, चुण्या पडतात. म्हणून कारागीर फिल्म आधी काचेच्या बाहेरून अंथरतो, हीट गनच्या गरम हवेनं ती काचेच्या आकारात आकसून घेतो, मग आतल्या बाजूनं साबणाच्या पाण्यावर बसवून रबरी पट्टीनं पाणी काढतो. आवळलेल्या पेंढीचा बंध जिथं कच्चा असेल तिथं हे काम महागात पडतं. वाहतुकीत काचेच्या कडेला लागलेला टोला, दगडाचा खोल टवका, कारागिराच्या हातातलं धातूचं हत्यार कडेवर आपटणं, यातलं काहीही तडा आतल्या ताणापर्यंत पोचवू शकतं. मग ती तडकत नाही, धाडकन बसते आणि सीटवर दाण्यांचा ढीग होतो. फिल्म लावलेली असेल तर ढीग होत नाही, दाणे फिल्मला चिकटून गोधडीसारखे लोंबतात.

आणखी एक क्वचित घडणारं कारण आहे. मेलबर्न शहरातल्या एका उंच इमारतीच्या कडक केलेल्या काचा कुणी हात न लावता फुटू लागल्या, तेव्हा १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना त्यांच्या पोटात निकेल आणि गंधकाचा डोळ्याला दिसेल न दिसेल असा खडा सापडला. तो खडा काळानं हळूहळू फुगतो आणि आतूनच बंध तोडतो. द ला बास्तीच्या आपोआप उडणाऱ्या पेल्यांचीच ही दुसरी तऱ्हा. असं झालं की जो शेवटी काचेजवळ होता त्याच्यावर आळ येतो.

तेव्हा गाडी फिल्मच्या दुकानात देण्याआधी दिवसाउजेडी काचेच्या चारी कडा बोट फिरवून, पण जपून, बघाव्यात. टवका दिसला तर मोबाईलवर फोटो काढून दुकानदारालाही दाखवावा. हीट गन एका जागी धरून ठेवू नको, फिरती ठेव, असं सांगायला लाजायचं कारण नाही. समोरच्या काचेवर मात्र हीट गन लावूच देऊ नये. ती दुपदरी काच आहे, आणि तिच्या बाबतीत कंदिलाची भीती अगदी खरी आहे.

तडकण्याइतकाच, आमच्या मते जास्तच, धोका त्या आडव्या रेघांना आहे. बऱ्याच नव्या गाड्यांच्या मागच्या काचेवर तपकिरी बारीक रेघा असतात. बायका त्यांना तारा म्हणतात. त्या तारा नाहीत. चांदीचा लेप काचेवर छापून, काच कडक करायला भट्टीत घालतात तेव्हाच तो तिच्यावर भाजून पक्का करतात. बटण दाबलं की त्यातून वीज वाहते, काच कोमट होते आणि पावसाळ्यात मागचं धुकं निघून जातं. नवी फिल्म या रेघांवर नीट बसली तर काही होत नाही. पण फुगे आले म्हणून ती काढायची वेळ आली आणि कुणी पात्यानं खरवडली, की रेघ तुटते. एक रेघ तुटली की तिच्या पट्ट्यातलं धुकं पुढच्या प्रत्येक पावसात तसंच राहतं. फिल्म नवी बसवल्यावर पहिले काही दिवस, आतलं पाणी सुकेपर्यंत, ते बटण दाबू नये. वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलं आहे तेही कंपनीच्या माणसाकडून वाचून घ्यावं. काचेला किंवा रेघांना हात लागला तर बहुतेक जण हात वर करतात.

एवढं झालं तरी मूळ प्रश्न उरतोच, काळी काच हवी कशाला? सावलीसाठी म्हणाल तर गाडीच्या काचा आधीच थोड्या हिरवट असतात. ती हिरवट काच १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटारींत आली, काचेतच थोडं लोह असतं, ते ऊन शोषतं. आपल्या नव्या गाड्यांतही तशीच काच येते. फिल्म त्याच्यावर आणखी एक पदर चढवते, आणि इथं कायदा येतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यातला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून १०० पैकी किमान ७० भाग उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५०. गटाचं व्याज काढणाऱ्या आपल्याला हा हिशोब अवघड नाही. समजा कारखान्यातून आलेली मागची काच ८० टक्के उजेड सोडते. तिच्यावर ७० टक्के उजेड सोडणारी, म्हणजे अगदी फिकी फिल्म लावली. ८० चे ७० टक्के झाले ५६. फिल्मच्या पाकिटावर ७० लिहिलंय म्हणून दुकानदार चालेल म्हणतो, आणि काच नियमात नापास होते.

हा नियम बरीच वर्षं कागदावर होता. कोलकात्याच्या अविषेक गोएंका यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. काळ्या काचांच्या गाड्यांत गुन्हे होतात, बायकांवर अत्याचार होतात, आणि बाहेरून कुणाला दिसत नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. २७ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयानं निकाल दिला की गाडीच्या कुठल्याही काचेवर वरून कसलीच फिल्म चिकटवायची नाही, मग ती कितीही उजेड सोडो. कारखान्यातूनच नियमात बसणारी रंगीत काच आली तर ती चालेल. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात चौकाचौकांत पोलीस काचांवरच्या फिल्म सोलून काढत होते. तेव्हा बरीच मंडळी चिडली. उन्हाचं काय, कातडीच्या आजारी माणसांचं काय, असं विचारत होती. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत एका मुलीवर चालत्या बसमध्ये जे झालं ते आपण सगळ्या जणी जाणतो. त्या बसच्या काचा काळ्या होत्या आणि आतून पडदे होते. ती बस दिल्लीच्या रस्त्यांवरून फिरत राहिली आणि बाहेरच्या कुणालाही आतलं दिसलं नाही. काळ्या काचेचा प्रश्न नुसत्या दंडाच्या पावतीचा आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं बोलणं त्यानंतर बरंच कमी झालं. आम्हाला उन्हाचा त्रास कळतो. पण भाड्याच्या गाडीतून एकटीनं येणाऱ्या मुलीला बाहेरून कुणी बघू शकतं, हा आधार आम्ही उन्हाच्या बदल्यात सोडायला तयार नाही.

गोष्ट तिथं थांबली नाही. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० बदलला. आतून प्लॅस्टिकचा थर असलेली, ठरलेल्या मानकाची सुरक्षा काचही त्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं त्या बदलाच्या आधारावर सांगितलं की नियमात बसणारी फिल्म लावली तर दंड करता येणार नाही. म्हणून आता दुकानदार ‘कोर्टानं परवानगी दिली’ असं सांगतात. अर्धं खरं आहे. ७० आणि ५० चे आकडे जिथल्या तिथंच आहेत, आणि निकाल केरळचा आहे. आपल्या नाक्यावरचा हवालदार तो मानेलच असं धरून गटाचे पैसे घालू नयेत.

तरीही फिल्म लावायचीच ठरली, तर दुकानात जाण्याआधी मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बघा. तिथं एक बारीक शिक्का असतो. त्यात काच कडक केलेली आहे की दुपदरी ते लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा काचेच्या मानकाचा आकडाही असतो. दुकानदाराला तो शिक्का दाखवा, फिल्मचा आकडा विचारा आणि काच व फिल्म मिळून किती उजेड जातो ते मोजून, गाडीच्या नंबरासकट बिलावर लिहून मागा. जो मोजायला तयार नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नका.